नुसत्या सर्व्हिसवर टेनिसमध्ये करियर होतं का? गोरान इव्हानिसेविचचं उदाहरण कितपत खरं धरायचं?

मेघना_नाशिक

नमस्कार मंडळी, इथे टेनिस बघणारे जुने लोक बरेच आहेत म्हणून विचारतेय. माझा मुलगा चौदा वर्षांचा आहे, डावखुरा, उंची आत्ताच बापाच्या वर गेलीये. जिल्ह्याच्या आणि एखाददुसऱ्या राज्याच्या स्पर्धा खेळतो. त्याची सर्व्हिस खरंच जबरदस्त आहे, समोरच्या पोराला बॉल दिसतच नाही असं होतं कधीकधी. पण एकदा का रॅली सुरू झाली की तीन-चार शॉटमध्ये बॉल नेटमध्ये नाहीतर बाहेर. बॅकहँडचं तर विचारूच नका.

आता त्याचे सर म्हणतात की ताई, देवाने सर्व्हिस दिलीये ना, बाकीचं होईल, तो गोरान इव्हानिसेविच नव्हता का, नुसत्या सर्व्हिसवर विम्बल्डन जिंकला. आमच्या घरातले म्हणतात की तो एकदाच जिंकला आणि तेही म्हातारपणी, त्याच्यावर काय पोराचं भविष्य ठरवायचं. मी तेव्हा टेनिस बघत नव्हते त्यामुळे दोघांच्या मधे पडून काही बोलता येत नाही.

तर प्रश्न असा की हा माणूस खरंच फक्त सर्व्हिसवर खेळला का? त्याच्या करियरमध्ये नक्की काय झालं? यूट्यूबवर हायलाइट्स बघितले पण त्यात नुसते एसच एस (समोरच्याच्या रॅकेटला न लागताच पॉइंट मिळवणारी सर्व्हिस) आहेत, त्यातून काही कळत नाही.

जुना_विम्बल्डनवाला

मेघनाताई, तुमच्या सरांनी विषय काढला आणि आमच्यासारख्यांची दुपार गेली बघा. थोडं लांबेल, चहा घेऊन बसा.

गोरान स्प्लिटचा, जन्म १९७१, तेव्हा ते युगोस्लाव्हियात होतं, नंतर क्रोएशिया झालं. १९८८ ला प्रोफेशनल झाला. सहा फूट चार इंच, डावखुरा, आणि सर्व्हिस अशी की १९९२ च्या विम्बल्डनला एकट्याने २०६ एस मारले. सेमीफायनलला सॅम्प्रसला उडवला आणि फायनलला समोर अगासी, जो तेव्हा बेसलाइनवरून, म्हणजे कोर्टाच्या मागच्या रेषेवरून खेळणारा, ग्रासवर, म्हणजे विम्बल्डनच्या गवताच्या कोर्टवर कोणी त्याला धरतच नव्हतं. त्या फायनलला गोरानने ३७ एस मारले आणि तरी पाच सेटमध्ये हरला. का हरला ते बघण्यासारखं आहे. पाचव्या सेटला ४-५ वर स्वतःची सर्व्हिस होती, म्हणजे गेम राखला तर ५-५. आणि तिथे या माणसाने सुरुवातीलाच दोन डबल फॉल्ट (पहिली आणि दुसरी, दोन्ही सर्व्हिस चुकवून पॉइंट फुकट देणं) केले. ज्या हत्याराच्या जिवावर इथपर्यंत आला तेच ऐनवेळी हातातून निसटलं. अगासीने तेवढं एकच दार उघडं बघितलं आणि आत शिरला.

मग १९९४ ला परत फायनल, समोर सॅम्प्रस. पहिले दोन सेट टायब्रेकला (६-६ झाल्यावरचा निर्णायक गेम) गेले, दोन्ही हरला आणि तिसरा ६-०. ६-० म्हणजे काय ते लक्षात घ्या, ज्याची सर्व्हिस कोणाला ब्रेक करता येत नव्हती, म्हणजे ज्याच्या सर्व्हिसचा गेम कोणाला जिंकता येत नव्हता, तो एकही गेम न घेता सेट हरला, अंगातून हवाच निघून गेली त्याच्या. १९९८ ला तिसरी फायनल, परत सॅम्प्रस. यावेळी पहिला सेट घेतला, दुसऱ्या सेटच्या टायब्रेकला सेट पॉइंटही आले होते, ते घेतले असते तर दोन सेटची आघाडी. नाही घेतले. पाच सेटमध्ये हरला. त्यानंतर सगळे म्हणायला लागले की आता झालं, संपला हा.

आणि मग खांदा गेला. रँकिंग घसरत घसरत २००१ च्या उन्हाळ्यात १२५ वर. त्या वर्षी ऑस्ट्रेलियन ओपनला मेन ड्रॉ (मुख्य स्पर्धा) सोडा, क्वालिफाइंगच्या (पात्रता फेरीच्या) पहिल्याच राउंडला गेला घरी. विम्बल्डनवाल्यांनी जुना माणूस, तीनदा फायनलला आलेला, म्हणून वाइल्ड कार्ड, म्हणजे रँकिंग पुरेसं नसताना थेट प्रवेश दिला. मेहेरबानीच म्हणायची. आणि त्या वाइल्ड कार्डवर त्याने मोया, रॉडिक, रुसेडस्की, साफिन, हेनमन आणि फायनलला रॅफ्टर अशी रांगच लावली. २१३ एस मारले त्या पंधरवड्यात. वाइल्ड कार्डवर विम्बल्डनचं पुरुष एकेरी जिंकणारा आजपर्यंत तो एकटाच.

तर तुमच्या घरचे म्हणतात ते एकदाच जिंकला हे खरं, पण म्हातारपणी नाही हो, २९ वर्षांचा होता. आता ३७-३८ पर्यंत खेळतात लोक म्हणून आपल्याला तसं वाटत नाही, तेव्हा मात्र २९ आणि दुखरा खांदा म्हणजे रिटायरच धरायचे.

खडूस_प्रेक्षक

मला माफ करा पण नव्वदच्या दशकातलं ते ग्रासचं टेनिस म्हणजे शिक्षा होती. धाड, पंधरा-शून्य. धाड, तीस-शून्य. मधे टॉवेल. परत धाड. १९९४ ची ती सॅम्प्रस-गोरान फायनल मी पूर्ण बघितलीये आणि त्यात रॅली किती होत्या ते बोटावर मोजता येईल. अशा खेळाडूंमुळेच लोक म्हणायला लागले की बॉल मऊ करा, ग्रास बदला. पोराला असलं खेळायला शिकवू नका, बघणाऱ्यांना जांभया येतात.

जुना_विम्बल्डनवाला

खडूसराव, तुमचं नाव तुम्ही सार्थ केलंत. पण एक सांगतो, ग्रास खरंच बदललं आणि नेमकं २००१ पासूनच बदललं. त्याआधी विम्बल्डनच्या कोर्टवर ७० टक्के रायग्रास आणि ३० टक्के फेस्क्यू जातीचं गवत असायचं, २००१ पासून शंभर टक्के रायग्रास लावलं. त्याने कोर्ट जास्त टणक झालं आणि बाउन्स सरळ, जरा वर यायला लागला. पुढच्याच वर्षी फायनलला ह्यूइट आणि नालबांदियान, दोघंही बेसलाइनवाले. म्हणजे ज्या वर्षी सर्व्हिसवाल्यांचे दिवस भरायला सुरुवात झाली त्याच वर्षी हा गडी जिंकून गेला. जांभया येऊ देत नाहीतर काही, पण तो २००१ चा सोमवार तुम्ही बघितला असता तर जांभई तोंडातच राहिली असती.

खडूस_प्रेक्षक

बघितलाय ना. ती एकच बघण्यासारखी होती, तेवढं मान्य.

बेसलाइन_बंडू

मी कोल्हापूरचा, बरीच वर्षं पोरांना टेनिस शिकवतोय म्हणून थोडं तांत्रिक बोलतो. मेघनाताई, तुमचा पोरगा डावखुरा आहे ही सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तुम्ही एका शब्दात सांगून पुढे गेलाय.

गोरानची सर्व्हिस नुसती वेगाची नव्हती. वेगात त्याच्या पुढे जाणारे नंतर लई आले. रॉडिकने २००४ ला ताशी २४९ किलोमीटरच्या वर मारली, इसनरने २०१६ ला डेव्हिस कपमध्ये (देशादेशांची स्पर्धा) २५३ ची मारली. गोरानचं वेगळं काय होतं तर टॉस. बाकीचे लोक बॉल वर फेकतात, तो वर जातो, थांबतो, खाली यायला लागतो मग मारतात. ह्याचा टॉस इतका आखूड की बॉल वर पोचतोय न पोचतोय तोवर रॅकेट तिथे. सगळा प्रकार क्षणात उरकायचा. समोरच्याला टॉसवरून काही वाचायला वेळच मिळायचा नाही, बॉल आत येणार की बाहेर, सपाट येणार की कट घेऊन. वाऱ्याचा त्रासही कमी. पण ह्याची दुसरी बाजू अशी की ह्यात सगळं टायमिंगवर चालतं, हात जरा आखडला की सगळं बिघडतं, सुधारायला मधे जागाच नाही. वर ४-५ वरच्या डबल फॉल्टचं सांगितलंय त्याचं एक कारण हे पण आहे असं माझं मत.

दुसरं म्हणजे डावा हात. कोर्टाची डावी बाजू, जिला आपण ॲड कोर्ट म्हणतो, तिथून डावखुरा माणूस स्लाइस मारतो तेव्हा बॉल उजव्या हाताच्या खेळाडूच्या बॅकहँडकडे बाहेर बाहेर पळत जातो. तो बिचारा ट्रॅमलाइनच्याही (कोर्टाच्या कडेच्या रेषेच्याही) पलीकडे, आणि सगळं कोर्ट रिकामं. आणि आता स्कोअर बघा, ३०-४० कुठल्या बाजूने खेळतात? ॲड कोर्ट. समोरच्याचा ॲडव्हांटेज? ॲड कोर्ट. ०-४०? तेही. म्हणजे ब्रेक पॉइंट बहुतेक वेळा त्याच बाजूला येतात जिथे डावखुऱ्याची सगळ्यात भारी सर्व्हिस आहे. एकटा १५-४० तेवढा दुसऱ्या बाजूला. मी माझ्याकडच्या डावऱ्या पोरांना हेच आधी शिकवतो, ताकद नंतर.

तिसरं, जे त्या सरांनी सांगितलं नसेल. सेकंड सर्व्ह. सॅम्प्रस आणि गोरान यांच्यात फरक कुठे होता विचाराल तर मी पहिली सर्व्हिस बघणारच नाही. सॅम्प्रस सेकंड सर्व्ह इतकी कडक मारायचा की समोरच्याला पुढे यायची हिंमत व्हायची नाही, आणि अडचणीत असला की अजूनच कडक मारायचा. गोरानचं तसं नव्हतं. पहिली गेली की गेली, दुसरीला जीव टांगणीला. पोराची सेकंड सर्व्ह कशी आहे ते सांगा, मग पुढचं बोलू.

साउथपॉ_सातारा

बंडूदादांनी शंभर नंबरी बोललाय, मी पण डावखुरा, कॉलेजच्या टीमला ह्या एका सर्व्हिसवरच घेतलं होतं मला 😄

बालेवाडी_उन्हातला

मी २०१९ ला बालेवाडीला महाराष्ट्र ओपनची फायनल बघितलीये, कार्लोविच विरुद्ध केविन अँडरसन, आणि त्यानंतर ‘नुसती सर्व्हिस’ ह्या विषयावर माझं मत जरा बदललं म्हणून लिहितो.

इव्हो कार्लोविच पण क्रोएशियाचाच, झाग्रेबचा. दोन मीटर अकरा सेंटीमीटर उंच. पुण्यात फायनल खेळला तेव्हा चाळिशीला दोन महिनेही उरले नव्हते. समोर अँडरसन, तो दोन मीटर तीन, आधीच्या वर्षी विम्बल्डनची फायनल खेळून आलेला. तीन सेट, तिन्ही टायब्रेकला, ७-६, ६-७, ७-६. अँडरसन जिंकला. टीव्हीवर बघताना सर्व्हिस कळत नाही हो, तिथे बसल्यावर कळते. आवाज वेगळा येतो. बॉल वरून खाली येतो अक्षरशः, दुसऱ्या मजल्यावरून कोणी खाली मारल्यासारखा, आणि बाउन्स होऊन समोरच्याच्या डोक्याच्या उंचीवर. लाइनवरचा माणूस हात बाहेर काढायच्या आत पॉइंट संपलेला असतो.

पण मुद्दा असा. कार्लोविचच्या नावावर १३,७२८ एस. गोरानच्या एसचा आकडा त्याने केव्हाच मागे टाकला. नंतर इसनरने कार्लोविचलाही मागे टाकलं, तो १४,४७० वर थांबला. आता बघा, कार्लोविचचं सगळ्यात वरचं रँकिंग १४, ग्रँड स्लॅममध्ये एकदाच क्वार्टरफायनल. इसनर आठव्या नंबरपर्यंत, एक सेमीफायनल, २०१८ च्या विम्बल्डनला, तीही ह्याच अँडरसनशी, पाचवा सेट २६-२४. दोघंही वर्षानुवर्षं टूरवर खेळले, पैसे कमावले, लोकांना हरवलं, कार्लोविचने तर २००३ ला विम्बल्डनच्या पहिल्याच राउंडला गतविजेत्या ह्यूइटला घरी पाठवलं. म्हणजे नुसत्या सर्व्हिसवर करियर होतं का? होतं, झकास होतं. ग्रँड स्लॅम मिळतं का? त्यांना नाही मिळालं. गोरानकडे एस त्यांच्यापेक्षा कमी, पण विम्बल्डन आहे, दुसरं रँकिंग आहे, २२ टायटल आहेत. तर तो फक्त सर्व्हिस नव्हता हे उघड आहे.

जुना_विम्बल्डनवाला

बालेवाडीकर, अगदी हेच मला म्हणायचं होतं आणि मी एसमध्येच अडकून बसलो. लोक विसरतात की गोरानचं पहिलं टायटल क्ले, म्हणजे मातीच्या कोर्टवर आहे, १९९० ला श्टुटगार्टला. त्याच वर्षी फ्रेंच ओपनच्या पहिल्या राउंडला बेकरला हरवून क्वार्टरफायनलपर्यंत गेला. रोलाँ गॅरोला, म्हणजे फ्रेंच ओपनलाच, तो तीनदा क्वार्टरफायनलला पोचलाय. १९९३ ला रोमची फायनल खेळला कुरिअरशी. लाल मातीवर नुसत्या सर्व्हिसने हे होत नाही, तिथे बॉल उसळून हळू येतो, समोरचा मागे जाऊन आरामात परत करतो. म्हणजे हात होता त्याच्याकडे, बॅकहँड सुंदर मारायचा, डबल्सलाही फ्रेंचच्या फायनल दोनदा खेळलाय. १९९२ च्या बार्सिलोना ऑलिंपिकला एकेरीत ब्राँझ आणि दुहेरीत पण ब्राँझ, तेही नव्याने झालेल्या देशाचा झेंडा घेऊन.

मग अडचण काय होती? माझं स्पष्ट मत, सर्व्हिस इतकी चांगली होती की तिने त्याला आळशी केलं. रिटर्नचे गेम सोडून द्यायची सवय लागते अशा माणसाला. मी माझी राखणारच आहे, मग टायब्रेकला बघू. आणि टायब्रेक म्हणजे दोन-तीन पॉइंटचा खेळ, तिथे डोकं लागतं. डोकं हे गोरानचं काय होतं ते सगळ्या जगाला माहितीये. तो स्वतःच सांगायचा की माझ्या आत चांगला गोरान आहे, वाईट गोरान आहे आणि दोघांची फारच भांडणं झाली की एक इमर्जन्सीचा तिसरा गोरान येतो. २००० साली ब्रायटनला तर रागाने एवढी रॅकेटं तोडली की खेळायला एकही उरलं नाही, मॅच सोडून द्यावी लागली. टेनिसमध्ये दुखापतीने मॅच सोडतात, रॅकेट संपली म्हणून सोडणारा मी दुसरा बघितला नाही.

आणि १९९६ बघा, त्या एका वर्षात १४७७ एस मारले, पाच टायटल जिंकला, आणि विम्बल्डनला क्वार्टरफायनललाच बाहेर. जो आकडा सगळ्यात मोठा त्याच वर्षी हातात ग्रँड स्लॅम काही नाही.

पेस_पंखा

सगळे बोलले पण आपल्या लिएंडर पेसचं कोणी बोललं नाही, हे बरोबर नाही 🙂 १९९५ चा डेव्हिस कप, भारत विरुद्ध क्रोएशिया, दिल्लीत ग्रासवर. गोरान तेव्हा टॉप टेनमधला, एवढी सर्व्हिस आणि खाली ग्रास, म्हणजे सगळं त्याच्याच बाजूचं. पहिले दोन सेट गोरानने घेतले. मग लिएंडरने तिसरा टायब्रेकला काढला, चौथा काढला आणि पाचवा ६-१. भारत ती टाय (लढत) ३-२ ने जिंकला.

मला त्यातलं हे आठवतं की लिएंडरने सर्व्हिस वाचायचा फार प्रयत्नच केला नाही, नुसतं रॅकेट मधे घालायचं, बॉल कसातरी परत टाकायचा आणि नेटकडे धावायचं. शंभरातले साठ एस जाऊ देत, उरलेल्या चाळीसमध्ये ह्याला खाली वाकून व्हॉली (टप्पा पडायच्या आत बॉल मारणं) मारायला लावायची. आणि पब्लिक पेटली की लिएंडर काय व्हायचा ते सांगायला नको. पाचव्या सेटला गोरानची सर्व्हिस तीच होती, पण माणूस तो नव्हता.

मेघनाताई, तुमच्या मुलाला हे पण सांगा की समोरचा कधीतरी तुझी सर्व्हिस परत टाकणारच, तेव्हा तू काय करणार आहेस.

मेघना_नाशिक

बापरे, एवढं सगळं लिहिलंत, मनापासून आभार. बंडूदादा, सेकंड सर्व्हबद्दल विचारलंत. पहिली गेली की तो दुसरी एकदम हळू, ढकलल्यासारखी टाकतो, समोरची मुलं पुढे येऊन मारतात त्याला. आणि महत्त्वाच्या पॉइंटला दुसरीही जोरात मारायला जातो आणि डबल फॉल्ट. मग रॅकेट आपटतो. (रॅकेट आपटण्यावरून आमच्याकडे रविवारी वाद झालाच.)

आणि जुना_विम्बल्डनवाले काका, तो २००१ चा सोमवार असं सगळे म्हणताय, सोमवारी कशी काय फायनल? आणि एवढं डोकं नसलेला माणूस मग जिंकला कसा? आमचे चिरंजीव आता हा धागा माझ्या मागे उभं राहून वाचतायत, त्यांना पण सांगा.

जुना_विम्बल्डनवाला

चिरंजीवांना नमस्कार. सांगतो.

सगळी पावसाची कृपा. सेमीफायनल हेनमनशी, म्हणजे इंग्लंडचा लाडका, सगळं सेंटर कोर्ट त्याच्या बाजूने. शुक्रवारी सुरू झाली. गोरानने पहिला घेतला, हेनमनने दुसरा टायब्रेकला घेतला आणि तिसरा ६-० असा पंधरा मिनिटांत उडवला. चौथ्यात हेनमन २-१ पुढे होता, गोरान पार विस्कटलेला, आणि पाऊस आला. शनिवारी परत थोडं खेळले, गोरानने चौथा टायब्रेकला काढला, पाचव्यात ३-२ पुढे, परत पाऊस. रविवारी उरलेलं खेळले आणि पाचवा ६-३. एक सेमीफायनल तीन दिवस. शुक्रवारी पाऊस आला नसता तर मला वाटतं हेनमन फायनलला असता, इंग्रज अजून त्या ढगाला शिव्या देत असतील. म्हणून फायनल सोमवारी गेली, आयत्या वेळची तिकिटं रांगेत उभं राहून लोकांना मिळाली, त्यामुळे नेहमीचे कोट-टायवाले कमी आणि क्रोएशिया-ऑस्ट्रेलियाचे झेंडे घेतलेले जास्त. विम्बल्डनला फुटबॉलसारखा आरडाओरडा मी तेव्हाच ऐकला.

रॅफ्टरशी ६-३, ३-६, ६-३, २-६ आणि मग पाचवा. चौथ्या सेटला त्याला फूट फॉल्ट (सर्व्हिस करताना पाय रेषेवर) दिला, पाठोपाठ डबल फॉल्ट झाला, तर रॅकेट फेकलं, नेटला लाथ मारली, सगळ्यांना वाटलं आला वाईट गोरान, आता ६-० होणार. पण नाही झालं. पाचव्यात दोघंही आपापली सर्व्हिस राखत राखत ७-७. विम्बल्डनला तेव्हा पाचव्याला टायब्रेक नव्हता. तिथे गोरानने रॅफ्टरला ब्रेक केला, म्हणजे बघा, जिंकला तो रिटर्नवर! ८-७ आणि आता स्वतःची सर्व्हिस, विम्बल्डनसाठी.

हा गेम चिरंजीवांनी यूट्यूबवर शोधून पूर्ण बघायचा, हायलाइट्स नाही, पूर्ण. त्यात एस आहेत आणि डबल फॉल्ट पण आहेत, एकामागून एक. एस मारला की तोच बॉल परत मागून घ्यायचा, लकी बॉल. पहिला मॅच पॉइंट आला, डबल फॉल्ट. दुसरा मॅच पॉइंट, ॲडव्हांटेजचा, म्हणजे बंडूदादा म्हणतात ती डावखुऱ्याची हक्काची बाजू, तिथे परत डबल फॉल्ट. डोळ्यात पाणी, आभाळाकडे बघून हात जोडतोय. तिसऱ्याला रॅफ्टरने डोक्यावरून सुंदर लॉब टाकला. चौथ्याला रॅफ्टरचा रिटर्न नेटमध्ये गेला आणि हा जमिनीवर पालथा.

तर डोकं सुधारलं होतं का? नव्हतंच. त्या दोन आठवड्यांत रोज सकाळी टेलिटबीज (लहान मुलांचा टीव्ही कार्यक्रम) बघायचा, पहिल्या दिवशी बघितलं आणि जिंकला म्हणून. असल्या अंधश्रद्धा आपल्याकडच्या क्रिकेटवाल्यांनाही लाजवतील. फरक एवढाच पडला होता असं मला वाटतं की गमावण्यासारखं काही उरलं नव्हतं. १९९२, ९४, ९८ ला तो जिंकायलाच पाहिजे असा होता, २००१ ला त्याच्याकडून कोणाची काही अपेक्षाच नव्हती. दोन डबल फॉल्टनंतर पूर्वीचा गोरान मोडून पडला असता, ह्या गोरानने परत टॉस केला आणि परत जोरात मारली.

दुसऱ्या दिवशी स्प्लिटच्या बंदरावर लाखाच्या वर लोक आले होते. त्यावेळी त्याने ड्राझेन पेट्रोविचची जर्सी घातली होती, क्रोएशियाचा तो बास्केटबॉलवाला, गोरानचा मित्र, १९९३ ला जर्मनीत कार अपघातात गेला. ते फोटो बघा मिळाले तर.

खडूस_प्रेक्षक

टेलिटबीजचं माहिती नव्हतं. माणूस आवडायला लागलाय आता, काय करू.

बेसलाइन_बंडू

मेघनाताई, ऐका. दुसरी सर्व्हिस ढकलतोय म्हणजे पोराकडे अजून सर्व्हिस नाही, पहिली सर्व्हिस आहे फक्त. हे त्याला वाईट वाटेल पण सांगायला पाहिजे. आत्ता सहा महिने पहिलीवर एक मिनिट घालवायचं नाही. किक शिकायची, सेकंड सर्व्ह फिरवून, वर उसळून, समोरच्याच्या खांद्यावर जाईल अशी. डावखुऱ्याची किक ड्यूस कोर्टातून, म्हणजे उजव्या बाजूने पण त्रास देते. सरावाला बॉलची बादली संपेपर्यंत फक्त सेकंड सर्व्ह खेळू दे, आणि सराव मॅचमध्ये एकच सर्व्हिस द्यायची, चुकली की पॉइंट गेला. पोरं पहिल्या आठवड्यात रडतात, नंतर डबल फॉल्ट आपोआप कमी होतात.

आणि खांद्याकडे लक्ष. वाढीचं वय आहे, उंची भराभर वाढतीये म्हणता. ह्या वयात रोज शंभर-दोनशे सपाट सर्व्हिस जोरात मारू देऊ नका, सर कितीही म्हणोत. गोरानचं खांद्याचं दुखणं इतकं होतं की २००१ जिंकल्यावर ऑपरेशन करावं लागलं, २००२ ला गतविजेता असून विम्बल्डन खेळताच आलं नाही. २००४ ला तिथेच ह्यूइटकडून हरून रिटायर झाला. एकदा फिजिओला दाखवा, खांद्याच्या मागच्या स्नायूंचे रबर बँडचे व्यायाम देतील, ते रोज करायचे, कंटाळा आला तरी.

सरांना बदलू नका लगेच. त्यांनी सर्व्हिस ओळखली हे पण काही कमी नाही. फक्त त्यांना सांगा की गोरानचं उदाहरण दिलंत तर पूर्ण द्या. आणि गंमत म्हणून सांगतो, गोरान नंतर कोच म्हणून कोणाकडे होता? आधी चिलिच, २०१४ ची यूएस ओपन जिंकून दिली, आणि मग २०१९ ते २०२४ जोकोविच. जोकोविच म्हणजे जगातला सगळ्यात भारी रिटर्नवाला. त्याच्या सर्व्हिसमध्ये त्या वर्षांत काय फरक पडला ते कोणीही जुन्या मॅच लावून बघावं, विशेषतः सेकंड सर्व्ह.

साउथपॉ_सातारा

बंडूदादा, एकच सर्व्हिसवाल्या सराव मॅचला आम्ही ‘उधार बंद’ म्हणायचो 😂 फार छळ होता पण उपयोग झाला.

मेघना_नाशिक

चिरंजीवांनी शेवटचा गेम शोधून लावलाय आणि आता त्यांचे बाबा पण येऊन बसलेत. दुसऱ्या डबल फॉल्टला दोघं एकदम ओरडले. सरांशी उद्या संध्याकाळी बोलते, किक सर्व्हचं काय म्हणतात ते इथेच कळवते. फिजिओ नाशिकमध्ये खेळाडूंचा चांगला कोणी माहिती असेल तर व्यनि करा प्लीज.